नऊ महिने, पाच गडी आणि पन्नास डॉलरची फाउंड्री

"५० डॉलरला फाउंड्री घेतली," असं बाबांना सांगितलं तेव्हा ते चहाचा कप तसाच हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. शिरोली एमआयडीसीत आख्खी नोकरी फाउंड्रीत काढलेला माणूस. "भट्टी कुठं मांडणार?" एवढंच विचारलं.

तर ही फाउंड्री म्हणजे 'फाउंड्री व्हीटीटी'. टेबलावर बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांसाठीचं सॉफ्टवेअर. या खेळांत प्रत्येकानं एक पात्र चालवायचं, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. नकाशा, सोंगट्या, फासे, राक्षसांचे आकडे, सगळं ब्राउझरमध्ये. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर आमचा शनिवारचा डाव बसला, तो अजून चालू आहे. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती. गोष्ट चालवणारा डीएम मी. खेळणारे चौघं: मावसभाऊ, एक वकीलसाहेब, दवाखाना बंद करून साडेआठला येणाऱ्या डॉक्टरीणबाई, आणि कॉलेजातला बारक्या, जो नोव्हेंबरात नोकरी लागून पुण्याला गेला. जागा राजारामपुरीतली आमची माडी. एवढ्या दिवसांत डिजिटल पुस्तकं, ॲप आणि सॉफ्टवेअरवर जे पैसे घातले त्यातले कुठले वसूल झाले आणि कुठले पाण्यात गेले, ते लिहितोय.

आधी पैशाचं. खेळणाऱ्यांचं नियमांचं पुस्तक म्हणजे 'प्लेयर्स हँडबुक'. २०१४ चं जुनं, २०२४ चं सुधारलेलं. २०२४ च्या नव्याची छापील किंमत ४९.९९ डॉलर, डिजिटल २९.९९. डॉलर पंच्याऐंशीच्या वर धरला की छापील सव्वाचार हजाराच्या पुढं आणि डिजिटल अडीच हजाराच्या वर. आता गंमत अशी, की छापील पुस्तक टेबलावर ठेवलं की पाच जण वाचतात. डिजिटल पुस्तक ज्याच्या खात्यावर घेतलं त्याच्याच खात्यावर. ते बाकीच्यांना दाखवायचं तर या खेळाच्या अधिकृत साइटची, 'डी अँड डी बियाँड'ची, मास्टर वर्गणी लागते, वर्षाला ५४.९९ डॉलर. म्हणजे पुस्तक स्वस्त घेतलं आणि वाटून खायला वेगळं भाडं. आम्ही ती वर्गणी काढून पाच जणांत वाटली, तेव्हा माणशी हजाराच्या आसपास बसली. तांबडा-पांढऱ्याच्या दोन-तीन ताटांचे पैसे, वर्षभरासाठी. त्यामुळं "डिजिटल महाग" असं मी म्हणणार नाही. गट असेल तर परवडतं. एकट्यादुकट्यानं घेतलं तर अजिबात नाही.

आता खरी वापराची गोष्ट.

मावसभावाचं पात्र म्हणजे दगडू पैलवान. कोल्हापूरचा गडी आहे, तलवार हातात दिली तरी टाकून देतो आणि अंगाला जाऊन भिडतो. ऑगस्टातल्या एका शनिवारी दगडू एका ओग्रला भिडला. ओग्र म्हणजे दांडगा नरभक्षक, ताकद १९, म्हणजे फाशावर ४ ची भर. पकड कशी मोजायची यावर वकीलसाहेब आणि मावसभाऊ यांची जुंपली. वकीलसाहेबांकडं २०१४ चं छापील पुस्तक, कुणाकडून तरी जुन्या दरात घेतलेलं. त्यात दोघांनी वीस बाजूंचे फासे टाकून आपापली भर मिळवायची, ज्याचा आकडा मोठा त्याची सरशी, बरोबरी झाली तर होतं तसं. मावसभावानं मोबाईलवर शोधलं तर २०२४ चा नियम आला. त्यात पैलवान फासा टाकतच नाही. ८ अधिक त्याच्या ताकदीची भर अधिक कसबाची भर, एवढा आकडा ओग्रनं फासा टाकून गाठायचा. गाठला तर सुटला.

मी वहीत मांडून बघितलं. दगडूचा कुस्तीचा आकडा, ताकद आणि कसब मिळून, अधिक ५, ओग्रचा अधिक ४. जुन्या नियमानं पकड लागायची शक्यता शंभरात बावन्न-त्रेपन्न. नव्या नियमानं ओग्रला १३ गाठायचे, म्हणजे फाशावर ९ किंवा वर. पकड लागायची शक्यता उरली शंभरात चाळीस. "म्हणजे नवीन पुस्तकानं पैलवानाला मारला की," मावसभाऊ म्हणाला. नव्यात भरपाई आहे थोडी. पकडीतल्या ओग्रला दुसऱ्या कुणावर वार करायचा तर दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो. पण मावसभावाला ती ऐकायचीच नव्हती. शेवटी आम्ही आमच्या डावापुरता जुना नियम ठेवला, आणि दगडूनं त्याला धोबीपछाड घातली.

हे एवढं सांगायचं कारण, डिजिटल साधनांची सगळी ताकद आणि सगळी खोट या एका भांडणात आहे. मोबाईलवर नियम दोन मिनिटांत समोर आला. कागदावर तो शोधायला दहा मिनिटं गेली असती आणि ओग्र तोवर थंड झाला असता. पण शोधल्यावर कुठल्या आवृत्तीचा नियम पुढ्यात येईल हे साइट ठरवते. ऑगस्ट २०२४ मध्ये तर डी अँड डी बियाँडनं लोकांच्या पात्रांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांनी बदलायचं जाहीर केलं होतं. खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला, आणि काही दिवसांत तो निर्णय मागं घेतला. छापील पुस्तकातला नियम तुम्ही झोपेत असताना बदलत नाही. हा मुद्दा मला आधी जुन्या लोकांची कुरकुर वाटायचा. आता वाटत नाही.

दुसरी खोट कळायला सप्टेंबर उजाडला. धो-धो पाऊस, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलेली, सगळ्यांचे डोळे राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर, आणि त्यात लाईट गेली. इन्व्हर्टर मान टाकलेला, वायफाय बंद, मोबाईलला रेंज येऊन-जाऊन. माझी सगळी तयारी लॅपटॉपवर, त्याची बॅटरी वीस टक्के. डाव मोडायचा म्हटलं तर डॉक्टरीणबाई भिजत आलेल्या. मग मेणबत्ती लावली आणि वकीलसाहेबांचं छापील पुस्तक मधे ठेवून खेळलो. एका चोराला मारल्यावर वकीलसाहेब जखमांचं पान वाचत होते, आणि एकदम थांबले. म्हणाले, "अहो, यात लिहिलंय, हातातल्या हत्यारानं शेवटचा वार केला तर मारायची गरज नाही. बेशुद्ध पाडता येतं."

आम्ही तीन महिने भेटेल तो भुरटा चोर ठार मारत आलो होतो. एकालाही जिवंत धरून चौकशी केली नव्हती. का? तर "बेशुद्ध कसं पाडायचं" हे कुणी शोधलंच नव्हतं. शोधायची पेटी तुम्ही विचाराल तेवढंच सांगते. कागदाचं पान मात्र न विचारलेलंही डोळ्यांसमोर टाकतं. दगडूच्या मागं गेल्या तीन महिन्यांची पापं आहेत, असं डॉक्टरीणबाई अजून म्हणतात.

कागदाची बाजू घेतोय असं वाटेल, पण आमच्या गावात कागदाचंही खरं नाही. जुलै २०२१ च्या पुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मामाच्या तळमजल्यावर पाणी आलं, तेव्हा माझी दोन खोकी पुस्तकं लगदा होऊन बाहेर निघाली. त्यामुळं उतरवून घेतलेली पीडीएफ मला फार प्रिय आहे. लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्हवर एक, पुण्यात बारक्याकडं ठेवलेल्या डिस्कवर एक. फक्त मोबाईलवर पीडीएफ वाचायच्या फंदात पडू नका. दोन रकान्यांचं पान बोटानं ढकलत बसलं की डोकं उठतं. दहा इंची टॅब्लेट असेल तर ठीक.

आणि पात्राचा कागद पीडीएफमध्ये भरायचा असेल तर नाव देवनागरीत टाकू नका. "दगडू" टाइप केलं की ओळीनं चौकोन. आम्ही शेवटी त्याला पेनानंच लिहिला.

आता फाउंड्री. एकदाच पैसे, वर्गणी नाही, आणि खेळ चालवणाऱ्यानं घेतली की पुरते, बाकीचे नुसते ब्राउझरनं येतात. माडीवर जुना टीव्ही आडवा टाकून त्यावर नकाशा लावला तेव्हा चौघंही लहान पोरांगत वाकून बघत होती. पन्हाळ्याच्या अंबरखान्यासारखी तीन धान्याची कोठारं मी नकाशात काढली होती. पात्रं अंधारात पुढं सरकतात तसा मशालीचा उजेड सरकतो. ते एक दृश्य बघून ५० डॉलर वसूल झाल्यासारखं वाटलं होतं.

मग बारक्या पुण्याला गेला आणि खरी परीक्षा लागली. फाउंड्री तुमच्याच संगणकावर चालते, बाहेरच्या माणसाला आत घ्यायला राउटरमध्ये दार उघडावं लागतं. आमच्या गल्लीतला नेटवाला बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतो. अपार्टमेंटच्या गेटवर एकच टपालपेटी असल्यासारखं. मी आतलं दार कितीही उघडं ठेवलं तरी बारक्याची हाक माझ्यापर्यंत येणारच नाही. नेटवाल्याला फोन केला तर, "गेम खेळायला प्लॅन वाढवून घ्या," म्हणाला. प्लॅनचा संबंध नव्हता. तीन शनिवार यात गेले. शेवटी बाहेरून आत वाट काढून देणाऱ्या एका फुकट टनेल सेवेवर काम भागलं. वरून बारक्याला मोबाईलवरून खेळायचं होतं, आणि फाउंड्री मोबाईलसाठी बनवलेलीच नाही. त्यानं ऑफिसचा लॅपटॉप वापरला, ऑफिसला माहीत नाही.

तुमचा गट एकाच गावात असेल तर फाउंड्री लागत नाही. चौकटीचा कागद आणि दोन शेंगदाणे पुरतात. एखादा गडी बाहेरगावी असेल आणि तुम्हाला राउटरशी झुंजायची हौस असेल तरच घ्या. नुसता नकाशा आणि सोंगट्या हव्या असतील तर आउलबेअर रोडिओ फुकट चालतो.

भाड्याच्या पुस्तकांबद्दल एक जुनी गोष्ट सांगायला हवी. एप्रिल २००९ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या कंपनीनं, विझर्ड्स ऑफ द कोस्टनं, आपल्या पीडीएफची विक्री एका फटक्यात बंद केली. ज्यांनी आधी पैसे मोजले होते त्यांना दुकानातून पुन्हा उतरवून घेणंही बंद झालं. विक्री परत चालू झाली ती २०१३ मध्ये. आपल्या हार्ड डिस्कवर आहे ते आपलं, खात्यावर आहे ते दुकानदाराचं. मी दुसऱ्या एका साइटवर महिन्याची वर्गणी घेतली होती. तिथं कार्डचा आपोआप हप्ता अडकला, आणि ऐन डावात माझ्या जोडलेल्या नोंदी कुलूपबंद झाल्या. पैसे भरल्यावर आल्या, पण तोवर सगळे भेळ खायला रंकाळ्यावर गेले होते.

आणि या सगळ्यात ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला ते फुकट होतं. जानेवारी २०२३ मध्ये इतरांनी हे नियम वापरायच्या परवान्याच्या अटी बदलायच्या बेतावरून खेळणारे भडकले, आणि कंपनीनं पाचव्या आवृत्तीचा नियमांचा सांगाडा, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. श्रेय द्यायचं, मग वाटा, बदला, भाषांतर करा. चारेकशे पानांची पीडीएफ. सगळं नाही त्यात. पात्रांची खास कसबं, ज्यांना फीट म्हणतात, त्यातली एकच दिलीय. आणि ती एकच कुठली, तर 'ग्रॅपलर'. म्हणजे कुस्तीची! हे मावसभावाला सांगितल्यावर त्यानं मोबाईल कपाळाला लावला.

त्यातून मी चार पानांचा मराठी कागद केला. लढाईची पाळी, पकड, पाठ लावणं, बेशुद्ध पाडणं, मरता मरता वाचणं. 'सेव्हिंग थ्रो', म्हणजे पात्र संकटातून वाचतंय का ते बघायला टाकायचा फासा, त्याला काय म्हणायचं यावर दोन शनिवार वाद झाला. वकीलसाहेबांचं 'बचाव फेक' कुणाच्या तोंडात बसेना. शेवटी डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "वाचतोय का बघ की," आणि तेच राहिलं. कागदावर छापलंय तसंच: "वाचतोय का बघ, ताकद." कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं लॅमिनेशन करताना ते वाचलं आणि मला विचारलं, "दवाखान्याचं हाय काय हे?"

पाथफाइंडर हा याच धर्तीचा दुसरा खेळ, तो खेळणाऱ्यांना ही कटकटच नाही. त्यांचे जवळपास सगळे नियम 'आर्काइव्हज ऑफ नेथिस' या साइटवर अधिकृतपणे फुकट आहेत. पुस्तक विकत घ्यायचं ते चित्रांसाठी आणि गोष्टींसाठी. आमच्या गटाला बदलायला सांगितलं तर दगडूचं काय, एवढाच प्रश्न आला.

मास्टर वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. बारक्या चालू ठेवूया म्हणतोय, बाकी तिघं नको म्हणतायत. मी त्या पैशात २०१४ ची एक जुनी छापील प्रत बघून ठेवलीय. ती वरच्या फळीवर ठेवायची, पूर आला तरी हाताला लागेल अशी.