गाळ, पाणी की हवा? समुद्रविज्ञानात पीएचडीची शाखा निवडताना

रसायनशास्त्रात किंवा भूशास्त्रात एमएससी झाली, नेट निघाली आणि आता गोव्यात समुद्रावर संशोधन करायचं आहे. इथपर्यंत बहुतेकांचं पक्कं असतं, अडतं ते पुढे. मुलाखतीत विचारतात, नेमकं कशावर काम करणार? तळाचा गाळ, समुद्राच्या पाण्याचं रसायन, की समुद्रावरची हवा? तिन्ही कामं एकाच जहाजावर चालतात, एकाच संस्थेत शेजारच्या प्रयोगशाळांत चालतात, म्हणून बाहेरून सारखी वाटतात. पण रोजचं काम तिन्हीकडे पार वेगळं आहे, आणि हे बऱ्याच जणांना तिसऱ्या वर्षी कळतं. तेव्हा बदलायला उशीर झालेला असतो.

कोणता विषय जास्त महत्त्वाचा, हा हिशोब मांडत बसू नका. त्याऐवजी एवढंच विचारा, की नमुना हातात आल्यावर तो किती वेळ टिकतो? गाळ वर्षानुवर्षं टिकतो. पाणी काही मिनिटांत बदलायला लागतं. आणि हवा तुमच्या सोयीने मिळतच नाही, वारा अनुकूल असेल तेव्हाच मिळते. पुढची पाच वर्षं कशी जाणार, ते यावरून ठरतं.

गाळ : ज्याला बसून काम करायला आवडतं त्याच्यासाठी

जहाजावरून जड वजनाची लांब नळी तळाकडे सोडतात. ती आपल्या वजनाने गाळात रुतते आणि वर येताना काही मीटर लांबीचा गाळाचा दंडगोल घेऊन येते. हाच कोअर. तो उभा कापायचा, रंग आणि थर नोंदवायचे, सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप पिशव्यांत भरायचे. जहाजावरचं काम साधारण इथे संपतं. खरं काम किनाऱ्यावर सुरू होतं.

एक काप घ्या. वाळवा, पाण्यात भिजवा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. चिकणमाती वाहून जाते आणि चाळणीत पांढरट कण उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले की दिसतात रव्याएवढी शंखासारखी कवचं. ही फोरॅमिनिफेरा, म्हणजे एकपेशीय जीवांची घरं. अगदी बारीक, दोन-तीन केसांचा ब्रश किंचित ओला करायचा आणि हव्या त्या जातीचं एकेक कवच उचलून वेगळं ठेवायचं. पुढे त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचं, १६ आणि १८ चं, प्रमाण मोजलं की त्या काळच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा यांचा अंदाज लागतो. ग्लोबिजेरिना बुलॉयडिस नावाची जात अरबी समुद्राच्या पश्चिम भागात खालचं थंड पाणी वर येतं तेव्हा फोफावते, आणि ते पाणी वर आणतात नैर्ऋत्य मोसमी वारे. म्हणजे ओमानसमोरच्या गाळात या जातीची कवचं मोजली की हजारो वर्षांपूर्वीचा मान्सून जोरात होता की मंद, ते वाचता येतं. मान्सूनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी याहून थरारक दुसरं वाचन मला माहीत नाही.

पण हे कवचं निवडणं एका कोअरसाठी महिनोन्‌महिने चालतं. मान अवघडते, डोळे शिणतात. शिवाय वय काढण्यासाठी कार्बन १४ वापरायचा तर त्याची पोच सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच, आणि खोल समुद्रात हजार वर्षांत एक-दोन सेंटिमीटरच गाळ साचतो. म्हणजे तिथल्या एका कापात कित्येक शतकं एकत्र कालवलेली असतात. तळाचे किडे वरचा गाळ ढवळतात तो गोंधळ वेगळाच. शतका-शतकाचा हिशोब हवा असेल तर किनाऱ्याजवळच्या उताराचे, भरभर साचलेल्या गाळाचे कोअर लागतात. तुमच्या प्रश्नाला तुमचा कोअर पुरा पडतो का, हे पहिल्याच महिन्यात गाईडला विचारा.

या शाखेची सर्वांत मोठी सोय अशी, की जहाज नसलं तरी काम अडत नाही. जुने कोअर कोठारांत जपून ठेवलेले असतात. जॉइडिस रिझोल्यूशन या खोदकाम करणाऱ्या जहाजाने २०१५ साली अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात विवरं खणली. त्या मोहिमेचे एक सहप्रमुख शास्त्रज्ञ होते गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. ते जहाज २०२४ मध्ये या कामातून निवृत्त झालं, तरी हिंदी महासागरातले त्याचे कोअर जपानमधल्या कोची शहरात आहेत (केरळातल्या कोचीशी घोटाळा करू नका) आणि रीतसर अर्ज करून नमुने मागवता येतात. ज्यांना बोट फार लागते त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

पाणी : ज्याचा हात सफाईने चालतो त्याच्यासाठी

इथे सगळी घाई डेकवर असते. गोल चौकटीत बसवलेल्या बाटल्या, मधोमध तापमान, खारटपणा आणि खोली मोजणारं सीटीडी. ही चौकट दोन-तीन हजार मीटर खाली जाऊन येते, वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. रात्रीचे दोन असोत की जेवणाची वेळ, चौकट डेकवर आली की सगळ्यांनी हजर. पाणी काढण्याचा क्रम ठरलेला असतो. वायू आधी, म्हणून ऑक्सिजनचा नंबर पहिल्यांत. नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकद्रव्यं नंतर, खारटपणा शेवटी.

ऑक्सिजनचं मोजमाप आजही विंकलरच्या १८८८ सालच्या पद्धतीने होतं. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी हळू भरायचं, चांगलं वाहू द्यायचं, एक बुडबुडा राहता कामा नये. मग मँगेनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावायचं आणि हलवायचं. पृष्ठभागाच्या पाण्यात दाट तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात जसजशा खालच्या बाटल्या याव्यात तसतसा साक्याचा रंग फिका पडत जातो, आणि तीन-चारशे मीटरवरच्या बाटलीत तो जवळजवळ पांढराच राहतो. तिथे ऑक्सिजन नसल्यात जमा आहे. पुस्तकात शंभरदा वाचलेला कमी ऑक्सिजनचा पट्टा असा डोळ्यांसमोर बाटलीत उतरतो, तेव्हा या विषयाची ओढ लागते. अर्थात इतक्या कमी ऑक्सिजनला विंकलर पुरत नाही. हवेचा एखादा बुडबुडासुद्धा निकाल खोटा ठरवतो, म्हणून तिथे अतिसंवेदनशील सेन्सर लावावे लागतात.

हा पट्टा साधारण दीडशे ते हजार मीटरपर्यंत पसरलेला आहे. ऑक्सिजन संपला की तिथले जीवाणू नायट्रेटवर भागवतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा जबर हरितगृह वायू तयार होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं, की पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपतो, नायट्रस ऑक्साइड प्रचंड वाढतो आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी, आणि तेही कांदोळीसमोर, जिथे पर्यटक पोहतात त्याच किनाऱ्यापासून थोडंसंच आत. मासेमारीवर, म्हणजे आपल्या कोकणी-मालवणी ताटावर, याचा काय परिणाम होतो हे विचारणाऱ्यांची आज फार गरज आहे.

याच शाखेत आम्लीकरणाचं कामही येतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजपट्टी लघुगणकी असल्याने हायड्रोजन आयनांची वाढ पाव हिश्श्याहून जास्त भरते. दरवर्षीचा बदल तिसऱ्या दशांश स्थळी होतो, कॉलेजच्या काचेच्या इलेक्ट्रोडला तो दिसतही नाही. रंगद्रव्य घालून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचं, आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेकडून येणाऱ्या प्रमाणित पाण्याशी आपली क्षारता आणि कार्बनची मोजणी ताडून बघायची. ही शिस्त अंगी नसेल तर या शाखेत येऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. लोह-जस्तासारख्या धातूंचं काम तर आणखी कडक. वरच्या पाण्यात लोह लिटरला एक नॅनोमोलपेक्षाही कमी असतं आणि आपण उभे असतो अख्ख्या लोखंडी जहाजावर. त्यासाठी वेगळ्या बाटल्या, वेगळी दोरी, वेगळी स्वच्छ खोली लागते. ज्या प्रयोगशाळेत ही सोय आधीपासून नाही तिथे हा विषय घेऊ नये. पीएचडीची पाच वर्षं सोय उभी करण्यातच जातील.

हवा : ज्याला आकड्यांशी खेळायला आवडतं त्याच्यासाठी

जहाजाच्या पुढच्या वरच्या डेकवर पंप लावतात. तो दिवसभर हवा ओढतो आणि कण फिल्टरवर जमतात : मीठ, अरबस्तानची धूळ, आपल्याकडच्या चुलींचा आणि वाहनांचा धूर. कार्बन मोजायचा तर क्वार्ट्‌झचा फिल्टर आधी भट्टीत भाजून घ्यायचा, वापरल्यावर ॲल्युमिनियमच्या पत्रीत गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकायचा.

मोठी अडचण म्हणजे जहाजाचा स्वतःचा धूर. वारा नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, येत असेल आणि जहाज चालत असेल तरच हवा शुद्ध. पाणीवाल्यांसाठी जहाज थांबलं की हवावाल्यांना पंप बंद करावा लागतो. म्हणून पूर्ण सफरीत फिल्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात, फार तर दिवसाला एक. एवढ्यावर प्रबंध उभा करायचा तर उपग्रहाची माहिती, हवा कुठून आली ते दाखवणारे वाऱ्याचे उलटे मार्ग आणि संगणकावरची मॉडेलं यांची जोड द्यावीच लागते. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायची भीती वाटत असेल तर पुन्हा विचार करा. उलट भौतिकशास्त्र किंवा गणित पक्कं असेल तर तुम्हाला हीच शाखा सगळ्यांत लवकर वर नेईल.

प्रश्न मात्र मोठे आहेत. १९९९ च्या इंडोएक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेत, जिच्यात आपलं सागर कन्या हे संशोधन जहाजही होतं, हिवाळ्यात उत्तर हिंदी महासागरावर पसरणारा धुरकट थर जगापुढे आला. तो ऊन किती अडवतो, ढगांवर आणि पावसावर काय परिणाम करतो, यावर अजून काम चालू आहे. समुद्राकडून हवेत जाणाऱ्या आयोडीनचा ओझोनवर होणारा परिणाम पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत, अभ्यासला जातो. ज्यांना गोव्यात राहायचं नाही त्यांनी पुण्याचा आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा पर्याय जरूर बघावा.

नोकरी, घरचे आणि बाकीचं

पगाराचा हिशोब तिन्हीकडे सारखाच, नेट-जेआरएफ या फेलोशिपला महिना ३७ हजार आणि घरभाडं वेगळं. फरक पुढे पडतो. गाळवाले मूळचे भूशास्त्राचे असतील तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि तेल कंपन्या खुल्या असतात. संशोधनाबाहेर जायचं झालं तर पाणीवाल्यांना बाजार चांगला, कारण आयसीपी-एमएस आणि क्रोमॅटोग्राफी ही रासायनिक विश्लेषणाची तंत्रं येणारा माणूस औषध कंपन्यांपासून पर्यावरण सल्लागारांपर्यंत सगळ्यांना हवा असतो. हवावाल्यांना शहरांच्या प्रदूषणाची आणि हवामान मॉडेलांची कामं मिळतात. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत सर्वांत जास्त मागणी यांनाच राहील.

मुलीला जहाजावर पाठवायला घरचे कचरत असतील तर त्यांना औंधच्या पंत घराण्यातल्या अदिती पंतांबद्दल सांगा. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या या शास्त्रज्ञ १९८३ मध्ये निघालेल्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. त्यांच्याबरोबर होत्या सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. आज सिंधू साधनासारख्या जहाजावर मुली असणं ही रोजची बाब आहे.

एकाच शाखेत कायमचं अडकण्याची भीती मात्र बाळगू नका. तिन्ही वाटा समुद्रातच एकमेकींना मिळतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उतारावर पाण्यात ऑक्सिजन नाही, म्हणून तळाला किडे कमी, म्हणून तिथला गाळ फारसा ढवळला जात नाही. काही ठिकाणी तर त्याचे थर कागदासारखे एकावर एक शाबूत राहतात, आणि त्याच थरांत वाऱ्याने आणलेली धूळही सापडते. चांगला गाळवाला पाण्याचं रसायन जाणतोच.

तरी कौल द्या म्हणाल, तर देतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी असेल, हात स्थिर असेल आणि झोपमोड सोसत असेल, तर डोळे मिटून पाणी घ्या. अरबी समुद्राचा ऑक्सिजन हा आपल्या दारातला प्रश्न आहे आणि त्यावर जगात आपल्याइतकी सोयीची जागा कुणाला नाही. भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्रातून येणाऱ्यांनी, आणि एकांतात तासन्‌तास रमणाऱ्यांनी, गाळ घ्यावा. भौतिकशास्त्रवाल्यांनी हवा.

शाखा ठरली की गाईडला भेटायला जाताना त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध वाचून जा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, ते बघा. आणि एक प्रश्न न लाजता विचारा : माझ्या प्रबंधाचे नमुने आज कोठारात आहेत, की जहाज अजून निघायचं आहे? जहाज निघायचं असेल तर तारीख, सफरीचा मार्ग आणि तुमच्यासाठी बर्थ राखून ठेवला आहे का, हे तिन्ही विचारून घ्या. सफर वर्षभर पुढे ढकलली जाणं नवीन नाही, आणि फेलोशिपची मुदत तिच्यासाठी थांबत नाही.