डेबियन १२, नुसत्या कन्सोलवर: पडदा सुधारला, शिफ्ट-पेजअप मात्र गेलंच

दिवाळीआधी रिफर्बिश्ड मिनी पीसी घेतला. डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम दुकानदारानेच टाकून दिली होती. घरचा बॅकअप सर्व्हर, त्यामुळे डेस्कटॉप नाही; नुसता कन्सोल, म्हणजे फक्त अक्षरांचा पडदा. काम चोख, पण १९२०×१०८० च्या मॉनिटरवर कन्सोल १०२४×७६८ चा. अक्षरं आडवी ताणलेली, फुगलेली. रात्री पडदा काळा व्हायचा, मागचा दिवा मात्र चालूच. वीजबिल काय दुकानदार भरणार?

त्याचं उत्तर ठरलेलं: "ग्राफिक्स गेलंय साहेब, बोर्ड बदलायला साडेतीन हजार." वॉरंटीत म्हणे हे बसत नाही.

साडेतीन हजार म्हटल्यावर मी आधी प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल उघडली; बूट होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिलेले पर्याय तिच्यात दिसतात. त्यात 'नोमोडसेट' बसलेलं! हा पर्याय असला की कर्नल इंटेलच्या ग्राफिक्सचा आय९१५ ड्रायव्हर चालूच करत नाही. बूट होताना यूईएफआयने (बोर्डवरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने) जो फ्रेमबफर, म्हणजे पडद्याच्या चित्राची मेमरी, दिला त्यावरच गाडा ओढतो. मग रिझोल्यूशन बदलत नाही आणि मॉनिटरला झोपवताही येत नाही. प्रत्येक मशीनवर एकच इमेज (तयार सिस्टीमची नक्कल) मारायची, हा दुकानाचा धंदा. ग्रब या बूट लोडरच्या सेटिंगमधून तो शब्द काढला, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट. कुठला फ्रेमबफर चालू आहे ते सांगणाऱ्या प्रॉकच्या एफबी फाइलीत आधी 'ईएफआय व्हीजीए' दिसायचं, आता 'आय९१५डीआरएमएफबी', म्हणजे इंटेलचा ड्रायव्हर चालू. खर्च शून्य.

इतके महिने मी डेबियनला शिव्या घालत होतो, त्या आता दुकानाच्या खात्यावर वर्ग. उलट कौतुकच: कन्सोल-सेटअपमध्ये टर्मिनस १६×३२ हा मोठा फॉन्ट निवडला आणि चष्म्याशिवाय लॉग वाचता यायला लागला. कर्नलला कन्सोलब्लँक हा पर्याय ३०० सेकंदांचा दिल्यावर मॉनिटर पाच मिनिटांत खरंच झोपतो.

पण शिफ्ट-पेजअप! डेबियन १० पर्यंत ते दाबलं की वर सरकलेला मजकूर परत दिसायचा. २०२० मध्ये कर्नल ५.९ मधून ती सोय काढून टाकली: जुना कोड, सुरक्षेची भोकं, सांभाळायला कोणी नाही. कारण पटतं, राग जात नाही. टर्मिनस मोठा केल्यावर पडद्यावर जेमतेम ३३ ओळी मावतात, आणि एरर नेमकी चौतिसाव्या ओळीला वर गेलेली असते. मागचा मजकूर बघायला टीमक्स आहे, लॉग वाचायला जर्नलसीटीएल आहे, ठीक. पण लॉगिनच्या आधीच बूट अडकलं तर? तेव्हा मी मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढतो आणि थांबवत थांबवत एरर शोधतो. २०२० च्या आधी यासाठी दोन बटणं पुरायची.