जुना ब्लॉक मागून घेणारा मूत्रविकार विभाग

आईच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. यंदा तिच्या लघवीतून रक्त जायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. आधी जिथे दाखवलं तिथे इन्फेक्शन समजून दोनदा अँटिबायोटिक दिलं. कल्चरमध्ये जंतू नव्हतेच! दीड महिना गेला, त्याचा राग अजून येतो.

मग या मूत्रविकार विभागात आलो. सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज निघाली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणारी रक्ततपासणी, बघूनच सीटी युरोग्राफीचं (मूत्रमार्गाच्या सीटी स्कॅनचं) डाय दिलं. "काकू, जरा पडून राहा, औषध किडनीतून खाली उतरू दे," असं सांगून टेक्निशियननी दहाएक मिनिटांनी पुन्हा स्कॅन घेतला. मूत्रनलिकेतली पांढरी रेघ मूत्राशयाजवळ कुठे तुटते, ते डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून आईलाच दाखवलं.

दुर्बिणीतून मूत्राशयात गाठ दिसली, तपासायला तुकडा काढला. आणि डॉक्टरांनी विचारलं, "आतड्याच्या ऑपरेशनचा ब्लॉक आणलाय?" माझ्याकडे फक्त रिपोर्टची फाइल. जुन्या लॅबमधून मी तो घेऊन आले. काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची चौकट, वर मेण, मेणात आईच्या आतड्याचा करडा तुकडा. हातात धरून मी बराच वेळ बसले होते.

तो कशाला हवा, हे पॅथॉलॉजीच्या मॅडमनी नीट समजावलं. मूत्राशयात मूळचाही अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो आतड्याच्या कॅन्सरसारखाच दिसू शकतो. सीडीएक्स-२ या आतड्याच्या पेशींतल्या प्रथिनाची तपासणी दोन्हीकडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून त्यांनी जुन्या-नव्या स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या, दोन्हींतला फरक ओळखायला मदत करणारी बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची तपासणीही केली. आतड्याचाच कॅन्सर पसरलाय, हे ठरलं. मूत्राशयाचा नवा कॅन्सर असता तर उपचारांची दिशाच वेगळी झाली असती. आता केमो त्यानुसार ठरली, किडनीतली लघवी खाली उतरावी म्हणून स्टेंट (बारीक नळी) बसवला.

एक तक्रार मात्र आहे. डॉक्टरांशी बोलणं व्हायच्या आधीच रिपोर्ट मोबाइलवर आला. रात्री एकटीने 'मेटास्टॅटिक', म्हणजे पसरलेला, हा शब्द वाचला. आधी एक फोन करायला हवा होता, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

तपासणीसाठी मात्र मी कुणालाही इथेच पाठवीन. येताना जुना रिपोर्ट आणा. ब्लॉकचा नंबर त्यावरच असतो, लॅबवाले तोच विचारतात.