सुट्या नाण्यांचा भरणा: यूएस मिंटची घरपोच डॉलर नाणी

परवा आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटात एकीने विचारलं, "टांकसाळीतून कार्डावर नाणी मागवायची, बँकेत भरायची आणि विमानाचे मैल फुकट, हे खरं आहे का गं?" खरं होतं. मी केलंय. आता ती सेवा नाही, तरी तिच्याबद्दल नीट लिहावं असं वाटलं, कारण "फुकट" हा शब्द मला खटकला.

तर सेवा अशी होती. अमेरिकेने २००५ साली कायदा करून राष्ट्राध्यक्षांची एक डॉलरची नाणी काढायचं ठरवलं. २००७पासून वर्षाला चार अध्यक्ष, वॉशिंग्टनपासून सुरुवात. लोकांना मात्र कागदी डॉलर सोडवेना. मग २००८मध्ये मिंटने, म्हणजे इथल्या सरकारी टांकसाळीने, योजना काढली: संकेतस्थळावर मागणी नोंदवा, दर्शनी किमतीलाच नाणी घ्या, २५० नाण्यांचं खोकं २५० डॉलरला, घरपोच, पाठवणावळ सरकारची. आणि क्रेडिट कार्ड चालेल. कार्डवाल्यांच्या लेखी ही साधी खरेदी, म्हणजे डॉलरला एक मैल, आणि असे मैल साठले की विमानाचं तिकीट. नाणी बँकेत भरा, त्याच पैशाने कार्डाचं बिल भागवा. तुमच्या खिशातून एक सेंट गेला नाही आणि मैल मात्र जमले. हा घोळ काही जणांच्या लगेच लक्षात आला आणि २००९ला तर पेपरांतही छापून आलं. माझ्या नवऱ्याला कळायला २०१० उजाडलं, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

आम्हाला मैल हवे होते ते बाबांसाठी. बाबा एसटीत कंडक्टर, मिरज डेपो, निवृत्त. आमचं पोरगं पाच महिन्यांचं झालं तरी त्यांनी नातू फक्त स्काइपवर पाहिलेला. आमच्या कार्डाच्या हिशेबाने जाऊन-येऊन तिकिटाला ८०,००० मैल लागत होते, जवळ होते ४७,०००. उरलेल्या ३३,००० मैलांची म्हणजे १३२ खोकी. एक नाणं ८.१ ग्रॅमचं. गुणाकार केला तर २६७ किलो. नवरा म्हणाला, "एकदम थोडंच उचलायचंय?" उचलणार कोण, हे त्याने सांगितलं नाही.

ऑगस्ट २०१०मध्ये पहिली चार खोकी मागवली. मिंटच्या सेवेला मी पाचपैकी पाच देते, आढेवेढे नाहीत. आठवड्याच्या आत दारात. खोकं लहान, पण हातात घेतल्यावर मनगट खाली जातं, एवढ्याशा पुठ्ठ्यात दोन किलो कसे मावले असं होतं. आत दहा गुंडाळ्या, प्रत्येकीत २५ नाणी, कागद इतका घट्ट की सुरीचं टोक लावावं लागे. मोजून पाहिली, एकही कमी नाही. एकूण ३१ वेळा मागवली, एकदाही कमी नाही. बाबा डेपोत भरणा करताना एका रुपयाची तूट आली तरी रात्री झोपत नसत, त्यांची मी मुलगी. सरकारी टांकसाळीचीसुद्धा मी मोजलीच.

पहिल्या खेपेत सॅकाजावीया निघाली. ही शोशोनी जमातीची बाई, अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या १८०४ ते १८०६च्या लुईस-क्लार्क मोहिमेबरोबर पॅसिफिकपर्यंत गेली, पाठीला तान्हं पोर बांधून. नाण्यावर ती मान वळवून आपल्याकडे बघते, खांद्यावरून पोराचं डोकं दिसतं. हे चित्र करणाऱ्या शिल्पकार ग्लेना गुडएकर यांना मिंटने त्यांचे ५,००० डॉलर याच नाण्यांत दिले होते. बाईंनी ती ४० किलो कशी नेली असतील, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय, कारण मी माझी आठ किलो बाबागाडीच्या खालच्या जाळीत घालून नेत होते. वर पोरगं, खाली हजार डॉलर. गाडी एकच, ती नवरा नेणार. बँक पायी २० मिनिटांवर.

मिंटच्या मागणीच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की नाणी चलनात यावीत म्हणून ही योजना आहे, लगेच बँकेत भरणं हा तिचा हेतू नाही. आपण त्यावर खूण करून पुढे जायचं. मला ती खूण करताना दर वेळी कसंसंच व्हायचं. म्हणून मी एक नियम केला: प्रत्येक खेपेतली एक गुंडाळी, २५ नाणी, बाजूला काढायची आणि खरोखर खर्च करायची. बाकी ९७५ बँकेत. नवरा हसला. पण नाण्याला मी पाचपैकी दोन का देतेय, ते या २५ नाण्यांनीच मला शिकवलं.

इमारतीच्या तळघरातल्या धुलाई यंत्राला फक्त क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी, चालायचे. ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात मी बारा डॉलरची मेथी, तूरडाळ आणि पोहे घेऊन बारा नाणी ठेवली, तर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "आंटी, नोट नाही का? ही ठेवू कुठे?" त्याने गल्ला उघडून दाखवला. पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर, चार खण, चारही भरलेले. पाचवा खण नाहीच. तो शहाणा होता, भांडला नाही, पण नाणी नोटांखाली सरकवताना त्याचा चेहरा मी पाहिला. ग्रंथालयात दंड भरताना बाईंनी नाणं उलटसुलट करून विचारलं, हे इथलंच ना? पार्किंगवाल्याला क्वार्टर वाटला आणि तो उरलेले पैसे मागत बसला. १९७९ला काढलेल्या, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनीच्या डॉलरची हीच गत झाली होती म्हणतात, म्हणून २०००पासून रंग सोनेरी केला. सोनेरी रंगाने सोनं होत नाही, मँगनीज पितळेचा मुलामा तो, महिनाभर पर्समध्ये राहिला की तपकिरी पडतो.

कॅनडाने १९८७ला डॉलरचं नाणं काढलं आणि दोन वर्षांत नोटच बंद केली. लोक कुरकुरले आणि वापरू लागले. इथे नोट तशीच ठेवून नाणं काढलं. आमच्याकडे घरात दोन पातेली असतील तर हलकंच आधी उचललं जातं, त्याला कायदा कशाला लागतो? गंमत म्हणजे ज्या सॅकाजावीयाला न्यू जर्सीत खण नाही, ती इक्वेडोरात सर्रास चालते. त्यांनी २०००मध्ये आपलं चलन सोडून डॉलर घेतला आणि नाण्यांना आनंदाने जागा दिली.

आता बँक. नाव घेत नाही, कारण त्यांची चूक काहीच नव्हती. पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतली मुलगी खूश, "ओह, किती सुंदर!" तिसऱ्या वेळी सुंदर म्हणायचं बंद झालं. सहाव्या वेळी तिने मला दारातून येताना पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, तुझी पाळी. त्यांनाही गुंडाळ्या फोडून यंत्रात ओतायला लागत, यंत्र अडकलं की मागे रांग. मग व्यवस्थापकांनी आत बोलावलं. माणूस सभ्य. म्हणाले, नाणी कुठून येतात? मी खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच. "म्हणजे सरकार तुम्हाला पाठवतं, तुम्ही मला देता, मी ती परत सरकारकडे पाठवतो." इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. १०,००० डॉलरच्या वर रोख भरली की बँकेला सरकारला कळवावं लागतं, आम्ही कुठे त्याच्या जवळपास! पण नवऱ्याचं ग्रीन कार्ड रखडलेलं, त्यामुळे मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वेळेपासून मंगळवारी सकाळी साडेनऊला जायचं ठरलं, तेव्हा गर्दी नसते. हे त्यांनीच सुचवलं.

फेब्रुवारीत व्हायचं ते झालं. बर्फ अर्धवट वितळलेलं, बँकेच्या आवारात बाबागाडीची जाळी फाटली. चार गुंडाळ्या खाली, दोन फुटल्या. पन्नास नाणी त्या राखाडी चिखलात, काही गाडीच्या चाकांखाली. पोरगं वरून वाकून टाळ्या वाजवतंय. एक आजोबा काठी बाजूला ठेवून वेचू लागले आणि नाणं डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "लिंकन! मला वाटलं हे छापलंच नाही कधी." ४८ सापडली. त्यांना एक ठेवून घ्या म्हटलं, त्यांनी घेतलं आणि मला नोट काढून दिली. मी भरणा ९७३चा केला. दोन डॉलर तूट. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "रस्त्यावर पडल्याली तूट कंडक्टरच्या अंगावर पडती, पोरी. मंडळ धरत न्हाई."

तेव्हा मी एच-४ वर होते. त्या व्हिसावर बायकोने काम करायचं नाही, असा तेव्हाचा कायदा. पुण्यात सहा वर्षं हिशेबनीस होते, इथे माझ्या नावावर पगाराचा एक कागद नाही. म्हणून मी या धंद्याचा हिशेब मांडून ठेवला होता, सवयीने. एक खेप: खोकी वर आणणं, मोजणं, नेणं, रांग, परत येणं, दीड तास. ३१ खेपा, साडेसेहेचाळीस तास. तिकीट विकत घेतलं असतं तर साधारण १,२०० डॉलर, त्यातला ३१,००० मैलांचा वाटा ४६५. म्हणजे तासाला दहा डॉलर. न्यू जर्सीत तेव्हा किमान वेतन ७.२५ होतं. नवऱ्याला वही दाखवली, तो म्हणाला, "हमालीच झाली की." झालीच. पण चांगल्या दराची.

तेव्हा फुकट म्हणणाऱ्या बाईंना माझं उत्तर हे: मैल फुकट नव्हते. घडाई, पाठवणावळ आणि कार्डाचं कमिशन मिंटने सोसलं, गुंडाळ्या फोडायचा त्रास बँकेतल्या मुलींनी सोसला, आणि माझी पाठ जुलैपर्यंत दुखत होती.

२२ जुलै २०११ला मिंटने क्रेडिट कार्ड बंद केलं. चेक चालेल, क्रेडिट नाही. बरोबरच केलं. आमचे ३१,००० झाले होते, दोन हजार कमी पडले, ते गाडीच्या विम्याने आणि वाणसामानाने भरून निघाले. त्याच डिसेंबरात सरकारने चलनासाठी अध्यक्षांची नाणी पाडायचीच थांबवली. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या, तिजोऱ्यांत एक अब्ज ४० कोटी नाणी पडून होती. त्यातली ३०,००० माझ्या बाबागाडीतून गेलेली. पुढची नाणी फक्त संग्राहकांसाठी, आणि आज मिंटकडून डॉलरची गुंडाळी घ्यायची तर दर्शनी किमतीहून जास्त मोजावे लागतात. म्हणजे ही युक्ती आता उलटी चालते. गटातल्या बाईंना हे मी लिहिलं, त्यांनी अंगठा पाठवला.

बाबा ऑक्टोबरात आले. चकलीचे डबे आणि नातवासाठी एसटीचं लाकडी खेळणं घेऊन. तिसऱ्या दिवशी मी त्यांना राहिलेली शेवटची गुंडाळी दाखवली. त्यांनी सुरी मागितली नाही, गुंडाळी टेबलाच्या कडेवर एकदा आपटली, कागद फुटला. अंगठ्याने सरकवत दहा-दहाचे दोन मनोरे आणि पाच सुटी, डोळ्यांची पापणी लवायच्या आत. मग मनोऱ्यांवरून तळहात फिरवला, उंची सारखी आहे का बघायला. "वजन चांगलं हाय. आन् घेत न्हाईत म्हणतीस?"

रविवारी त्यांना न्यूयॉर्क दाखवायला निघालो. मेट्रोपार्क स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रात वीसची नोट सरकवली आणि खालच्या वाटीत खणखण सुरू झालं. न्यू जर्सी ट्रान्झिटची यंत्रं सुटे म्हणून डॉलरची नाणीच द्यायची, वर्षभर खेपा घालून मी हे विसरलेच होते. ओंजळभर सॅकाजावीया. नवरा तोंड फिरवून हसत होता. बाबांनी सगळी सदऱ्याच्या खिशात टाकली, खिसा लोंबू लागला.

गाडीत कंडक्टर आला. टोपी, खांद्याला पट्टा, हातात चिमटा. तिकिटाला भोक पाडून त्याने समोरच्या सीटच्या वर एक चिठ्ठी खोचली. बाबा जागेवर ताठ बसले होते, मी त्यांना इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं. पुढच्या बाकावरच्या मुलाकडे तिकीट नव्हतं, त्याने मोठी नोट पुढे केली. कंडक्टरने खिसे चाचपले, मान हलवली. बाबांना इंग्रजी येत नाही. पण ते दृश्य त्यांना समजायला इंग्रजी लागत नव्हतं. ते उठले, एका हाताने दांडी धरली, आणि दुसऱ्या हाताने खिशातून नाणी काढून मोजू लागले.