स्टेरिंगचं तेल गळतंय म्हणून स्टॉप लीकची बाटली मागवताय? आधी हे वाचा

रेटिंग आधीच सांगून टाकतो. बाटलीला (स्टॉप लीक म्हणजे तेलात टाकायचं गळती थांबवायचं औषध) 5 पैकी 2 स्टार, धुळ्याच्या होस पाईपवाल्याला 4, आणि घरातल्या टाल्कम पावडरच्या डब्याला पूर्ण 5.

गाडी जुनी डिझेल, 2011 ची, हायड्रोलिक पॉवर स्टेरिंगवाली. आम्ही पारोळ्याचे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताईला शहाद्याहून आणायचं होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात सकाळी गाडी काढली की शहाबादी फरशीवर लाल डाग, हाताच्या पंजाएवढा. स्टेरिंग फिरवलं की पंप कुंथल्यासारखा आवाज करायचा. आबा खाटेवर बसूनच विचारतात, "काय रे भो, तेल कथाईन गयी राहिनं?" आता ते कुठून गळतंय हे मला माहीत असतं तर काय पाहिजे होतं! एवढं मात्र कळत होतं की हे इंजिन ऑइल नाही, डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं आणि हे लालबुंद, पातळ. कूलंटही नव्हतं, आमचं हिरवं आहे. स्टेरिंगच्या तेलाची डबी उघडली तर लेव्हल मिनिममच्या खाली.

ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला, तो फोनवरच म्हणाला स्टेरिंग बॉक्सचं (चाकं वळवणाऱ्या डब्याचं) सील गेलं असणार, बॉक्स उतरवावा लागेल, सणानंतर आणा. मग काय, ऑनलाइन बघितलं आणि साडेचारशेची स्टॉप लीकची बाटली मागवली. टाका आणि विसरा असं लिहिलेलं होतं.

टाकली. आणि खरं सांगतो, पहिले दोन दिवस मी खूश होतो, आवाज गेला, स्टेरिंग हलकं झालं, लगेच 5 स्टार देणार होतो. तिसऱ्या दिवशी डाग हजर. मग डोक्यात प्रकाश पडला की आवाज बाटलीच्या औषधाने गेलाच नव्हता, डबीत लेव्हल वाढली म्हणून गेला होता! पंप हवा ओढत होता तो तेल ओढायला लागला, बस. त्या जागी नुसतं साधं स्टेरिंगचं तेल टाकलं असतं तरी हेच झालं असतं. नेटवर या बाटल्यांना एवढे चांगले रिव्ह्यू का असतात ते मला तेव्हा कळलं, लोक दुसऱ्याच दिवशी लिहून मोकळे होतात.

मग ठरवलं की आधी लीक शोधायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे दहानंतर बॉनेटला हात लावायची सोय नाही, म्हणून सकाळी सहालाच सुरू केलं. डिझेलच्या फडक्याने पंप, पाईप, स्टेरिंग बॉक्स सगळं पुसलं, साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं. (बेल्टवर डिझेल उडू देऊ नका, नंतर घसरतो.) मग टाल्कम पावडर. आईची, चंदनाच्या वासाची. सगळ्या जोडांवर भुरभुरली आणि खाली केळीच्या बॉक्सचा पुठ्ठा अंथरला. भाच्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, असं सगळं करून इंजिन चालू.

नुसत्या आयडलला काहीच नाही, पावडर पांढरी शुभ्र. स्टेरिंग फुल लॉकला, म्हणजे एका बाजूला शेवटपर्यंत, नेलं तेव्हा मात्र पंपाकडून येणाऱ्या प्रेशर पाईपवर, रबर जिथं लोखंडी टोपणात प्रेस केलेलं असतं ना, तिथं पावडरीत आधी एक गुलाबी टिपका आला, मग त्याची बारीक रेघ झाली आणि ती पाईपच्या खालच्या अंगाने सरकत सरकत दीड फूट मागे जाऊन स्टेरिंग बॉक्सपाशी टपकली. म्हणजे डाग बॉक्सखाली आणि रोग पंपाजवळ. तेल उतारानं वाहतं, गाडी चालताना वाऱ्यानं अजून मागं उडतं, म्हणून डाग कुठं पडलाय ते बघायचंच नाही, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. मिस्त्रीचं ऐकून बॉक्स उतरवला असता तर बॉक्सही गेला असता आणि गळतीही तशीच राहिली असती.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. फुल लॉकला पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, पंप तापतो. आणि इंजिन चालू असताना त्या पाईपवर बोट फिरवून बघायचं नाही. टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, या पाईपमध्ये लॉकला 80-100 बारपर्यंत प्रेशर जातं, बारीक भोकातून आलेली धार कातडीत घुसू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

आता बाटली इथं का चालली नाही ते सोपंय. त्यातलं केमिकल कडक झालेलं रबरी सील थोडं फुगवतं आणि मऊ करतं, त्यामुळे सीलमधून जी हळूहळू ओल सुटते ती कमी होऊ शकते. प्रेसमधून सुटलेला पाईप ते काय आवळणार? ढिल्या क्लिपचंही तेच, तिला पाना लागतो.

पाईप काढला (खाली जुनी परात, आई अजून बोलते त्यावरून), पिशवीत गुंडाळला आणि एसटीने धुळं. अवधान एमआयडीसीकडे जाताना छोटं दुकान आहे, ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांची गर्दी. मालकाने पाईप हातात घेतला, पहिला प्रश्न, "प्रेशरचा ना? रिटर्नचा, डबीत तेल परत नेणारा, असता तर प्रेस मारायची गरज नव्हती, ऑइलचा पाईप फुटावर कापून दोन क्लिपा लावल्या की झालं." मला आवडलं ते पुढचं. कापायच्या आधी त्याने जुन्या पाईपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूची सरळ रेघ मारली, दोन्ही टोकांचे कोन वहीत उतरवले आणि मगच कटर चालवला. कोन चुकला तर पाईप पिळून बसतो आणि पुन्हा तिथूनच सुटतो म्हणे. जुनीच लोखंडी टोकं, मधे नवीन दोन वायरचा (आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेला) होस, नवीन टोपण, प्रेस. 750 रुपये, तांब्याचे दोन वॉशर धरून. जुने वॉशर परत वापरू नका, दाबलेले असतात. एक स्टार कापला कारण मधेच ट्रॉलीच्या जॅकचा पाईप फुटलेला एक ट्रॅक्टरवाला आला आणि मला पाऊण तास बाजूला बसवलं.

बसवताना घोळ मी केला. नवीन तेल भरलं आणि ताईचा फोन आला, निघालात का, निघालात का, म्हणून घाईत डायरेक्ट सेल्फ मारला. डबीत गुलाबी फेस, थेट स्ट्रॉबेरी मिल्कशेक. तासभर तसंच ठेवावं लागलं. मग नीट केलं. पुढची दोन्ही चाकं वर, खाली घोड्या (लोखंडी स्टँड), इंजिन बंद, स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा हळू फिरवायचं, मधे मधे तेल टाकत राहायचं, बुडबुडे थांबले की मगच चालू करायचं. तेल गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच, आमच्यात लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल). ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी सीलं खराब होतील.

दीड महिना झाला, पुठ्ठा कोरडा आहे. पंप किंचित गुणगुणतो पूर्वीपेक्षा, कारण कंपनीचा पाईप थोडा फुगून झटके पितो आणि हा होस कडक असतो. मला चालतं, तुम्हाला शांत गाडी लागत असेल तर ओरिजिनल पाईप मागवा, महाग पडेल.

शेजारचे काका माझं बघून बाटली मागवायला निघाले होते, त्यांची गाडी नवीन, स्टेरिंग इलेक्ट्रिक, त्यात तेलच नसतं. थांबवलं वेळेवर.

बाटलीला 1 च्या ऐवजी 2 स्टार का, तर उरलेली अर्धी मामेभावाच्या पिकअपमध्ये टाकली, तिथं खरोखर बॉक्सच्या सीलमधून ओल होती, पावडर मारून खात्री केली होती. पंधरा दिवसांत ओल कमी झालीये, बंद नाही. आणि होसवाल्याकडे जाणार असाल तर जुना पाईपच घेऊन जा, फोटो दाखवून तो बनवत नाही, आणि दीड ते अडीच जेवायला बंद असतं.