जुनं फोर्टी उचलावं, की नवं नाइन घ्यावं?

अमेरिकेत बंदुकीच्या दुकानात काचेखाली एखादं पोलिसांकडून आलेलं ग्लॉक २२, म्हणजे फोर्टीचं पिस्तूल, दिसतं. होल्स्टरमध्ये घासून स्लाईडच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, आतून मात्र पिस्तूल ठणठणीत. शेजारी कोरं ग्लॉक १७, म्हणजे नाइन (९ एमएम), बरंच महाग. आकार तोच, जुन्याची गोळी उलट मोठी. मोह होणारच. मलाही झाला होता. आता दोन्ही घरात आहेत, म्हणून बोलतो.

फोर्टी, म्हणजे ०.४० इंच व्यासाच्या गोळीचं .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतूस, जन्मालाच तडजोड म्हणून आलं. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. ९ एमएमची एक गोळी लुटारूच्या दंडातून छातीत घुसली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. खापर गोळीवर फुटलं. एफबीआय १० एमएमकडे वळली, ते हाताला जड गेलं, म्हणून दारू कमी केली. मग एवढं लांब काडतूस हवंच कशाला? स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरने १९९० मध्ये ते आखूड केलं आणि ९ एमएमच्या आकाराच्या पिस्तुलात बसवलं. १० एमएमवाले अजून चिडवतात, एस अँड डब्ल्यू म्हणजे 'शॉर्ट अँड वीक'.

१९९४ ते २००४ अमेरिकेत नव्या मॅगझिनला (पिस्तुलातल्या गोळ्यांच्या पेटीला) कायद्याने दहा गोळ्यांची मर्यादा होती. दहाच मिळणार तर मोठ्या का नकोत, या हिशेबाने फोर्टी घरोघरी गेलं. एफबीआयने १९९७ मध्ये तेच घेतलं आणि २०१६ मध्ये नव्या कंत्राटाने पुन्हा ९ एमएम धरलं. मधल्या काळात लागल्यावर फुलणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या सुधारल्या. शरीराच्या जागी वापरतात त्या चाचणीच्या जेलमध्ये १२ ते १८ इंच आत जाऊन नीट फुलणं आता चांगल्या ९ एमएमलाही जमतं. फोर्टीचं भोक किंचित मोठं, एवढाच फरक उरला.

बाकीचा फरक तुमच्या मनगटात आणि खिशात आहे. ग्लॉक १७ मध्ये १७ गोळ्या, २२ मध्ये १५. फोर्टीची गोळी साधारण १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), ९ एमएमची बहुधा ११५ ते १४७. त्यामुळे फोर्टीचा झटका तोंडाकडून वर उसळतो आणि दुसऱ्या गोळीला नेम परत आणायला वेळ खातो. सात यार्डांवर भराभर पाच झाडल्या, तर माझं नाइन मुठीएवढ्या जागेत बसतं आणि फोर्टी ताटलीभर पसरतं. बायकोने फोर्टीचं एक मॅगझिन संपवलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं तूच वाजव." सरावाच्या गोळ्याही ९ एमएमच्याच स्वस्त पडतात, आणि सराव नसेल तर मोठी गोळी घेऊन काय करायचंय?

तेव्हा पहिलंच पिस्तूल घेत असाल तर ९ एमएम घ्या, फार खल नको. (एच-वन-बीवर असाल तर त्याआधी कायदा बघा. शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर पिस्तूल बाळगणंच गुन्हा आहे.)

फोर्टी आधीपासून घरात असेल तर मात्र विकू नका. भाव काही येत नाही, आणि २०२० च्या टंचाईत ९ एमएमची फळी रिकामी असताना फोर्टीचे खोके कित्येक दुकानांत पडून होते. शिवाय ग्लॉक २२ मध्ये ९ एमएमची कन्व्हर्जन नळी बसते, सोबत मॅगझिन ९ एमएमची घ्यायची. उलटं, नुसती नळी बदलून १७ चं फोर्टी करता येत नाही. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत लिमिटेड गटात खेळायचं असेल तर फोर्टीला आजही मान आहे. तिथे 'मेजर', म्हणजे जोरदार गोळीला मिळणाऱ्या जास्तीच्या, गुणांसाठी किमान .४० लागतं, आणि १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ९५० फूट गेली तरी १६५ ची अट (वजन गुणिले वेग, भागिले हजार) आरामात पार होते.

आणि ते काचेखालचं जुनं घ्यायचंच ठरलं, तर रिकॉइल स्प्रिंग (झटका झेलणारी स्प्रिंग) घरी आणल्या आणल्या बदला. रात्रीचे साईट (अंधारात चमकणारे नेमाचे ठिपके) असतील तर दुकानातच ओंजळीत धरून अंधार करून पाहा. त्यांना चमकवणारं किरणोत्सारी ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं. पोलिसांनी ते साईट साधारण कधी बसवले असतील, हे त्या मिणमिणत्या ठिपक्यांवरून कळतं, आणि तेवढे पैसे बिनधास्त कमी करून मागा.