पर्यावरण शिकवायला परदेशी जावं की पंचगंगेच्या घाटावर?

कॉलेजच्या पोरांनी पर्यावरणाचं लोकशिक्षण करायला स्वयंसेवक म्हणून परदेशी जावं, की इथं कोल्हापुरात पंचगंगा नदीवरच राबावं, असा हा प्रश्न. पैसे भरून दोन-चार आठवडे परदेशात नेणारे जे कार्यक्रम असतात, ते आधी बाजूला काढतो. शुल्क तुमचं, विमान तुमचं, विमा तुमचा. राहणं-जेवण देतात, पण तेही तुमच्याच शुल्कातून. कासवांची घरटी राखणं, किनारा झाडणं, रोपं लावणं हे जमून जातं. लोकशिक्षण म्हटलं की मात्र भाषा आडवी येते. कचरा जाळू नका, हे तिथल्या म्हातारीला दुभाष्यामार्फत कितीसं पटणार? जग बघायला जायचं असेल तर खुशाल जा. फक्त अर्जात समाजसेवा असं लिहू नका.

त्यापेक्षा वर्ककॅम्प बरे. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था १९२० पासून, म्हणजे पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव उभारण्यापासून, हे करते आहे. चार देशांची पोरं एकत्र राहतात, राबतात, स्वयंपाक करतात. शिकवणं कमी आणि शिकणं जास्त, पण खर्च आवाक्यातला.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम (१९७०, मुख्यालय बॉन) ही वेगळीच गोष्ट. दरमहा निर्वाह भत्ता आणि विमा मिळतो, जाण्यायेण्याचा खर्चही ते बघतात. १८ ते २६ वयोगटासाठी वेगळी जागा असते. त्यापुढच्या तज्ज्ञ जागांना अनुभव विचारतात. स्पर्धा जबर. घरबसल्या करायची ऑनलाइन स्वयंसेवाही त्यांच्याकडे आहे, तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

व्हिसाचं आधी बघा. 'फुकट काम करतोय, मग टूरिस्ट व्हिसा चालेल' हा समज महागात पडतो. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. पुढे वेगळा व्हिसा, तोही जास्तीत जास्त वर्षभराचा. नेपाळला आपल्याला व्हिसाच नको, हिंदी बऱ्याच ठिकाणी चालते आणि लिपीही आपलीच. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यानं नेपाळचा विचार जरूर करावा.

आता घाटावरचं. घरगुती गणपतींच्या विसर्जनादिवशी पंचगंगेवर उभं राहून बघा. स्वयंसेवक पोरगा काहिलीपाशी, म्हणजे नदीऐवजी मूर्ती सोडायला पाणी भरून ठेवलेल्या मोठ्या कढईपाशी, उभा असतो, समोर पाटावर मूर्ती घेतलेल्या काकी.

"काकी, आरती करूया आणि इथंच सोडूया."

"आमच्या सासऱ्यांपासनं नदीतच सोडतोय बाळा. काहिलीत कसला देव सोडतोस?"

"व्हय, पण हितलं पाणी तुम्ही प्याल का आता?"

"छ्या! कोण पितंय!"

"मग देवाला कशाला त्यात?"

काकी हसतात, शेजारणीकडे बघतात. दरवेळी मूर्ती काहिलीत जातेच असं नाही. पण हे बोलणं भाषा, नातं आणि नदी तिन्ही ठाऊक असल्याशिवाय होत नाही.

आणि विषय काही थोडे नाहीत. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात तिथपासून इचलकरंजीपर्यंत सांडपाणी, २०१९ आणि २०२१ चे महापूर, शहरातला जयंती नाला, रंकाळा तलाव. कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांत २४० तास भरायचेच असतात. ते झाडू मारतानाचे फोटो काढण्यात घालवण्यापेक्षा एका गल्लीत ओला-सुका कचरा वेगळा करायला लावण्यात घाला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा पर्यावरण प्रकल्प सीनियरच्या वहीतून उतरवण्याऐवजी त्याच गल्लीवर करा. संयुक्त राष्ट्रांच्या अर्जात अनुभवाचा रकाना भरायचा झाला, तर 'दोन आठवडे बाली'पेक्षा हे वजनदार दिसतं. म्हणून माझा कौल आधी दोन वर्षं इथं, मग बाहेर.

अपवाद एकच. तुमच्याकडे जीआयएस नकाशे (संगणकावर भौगोलिक माहिती मांडून केलेले), पाण्याची तपासणी असं हातचं कौशल्य असेल, तर थांबू नका. तिथं भाषेवाचून फारसं अडत नाही, आणि वयाची सव्विशी ओलांडली की ती तरुणांची जागाही हातची जाते.